बाहेर कोण सांगणार?

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक लांबट खोली होती. भिंतीला लागून बाकं, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि बाकांवर माणसं. कुणी डोळे मिटून, कुणी दाराकडे टक लावून. आपलं माणूस आत टेबलावर असलं की त्या दाराशिवाय जगात दुसरं काही दिसत नाही. दार हललं की अख्खी खोली उभी राहायची. आणि वर्षानुवर्षं त्या दारातून एकच बाई बाहेर यायची. ताई.

ताई पोटाची सर्जन. पित्ताशय, आतडं, हर्निया, गाठी, सगळं तिच्या हातचं. हात असा हलका की भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, "ताई टाके घालतात ते पेशंटला कळत नाही हे ठीक, ती माझी करामत. पण टाक्यांनासुद्धा कळत नाही!" मात्र ऑपरेशन कुणीही करो, हाडाचं असो की पोटाचं, बाहेर जाऊन सांगायला ताईच. असा नियम कुणी केला नव्हता. केला असता तर मोडता तरी आला असता. फार पूर्वी एकदा हाडांचे सर म्हणाले होते, "ताई, आमच्या त्या खुब्याच्या आजोबांच्या घरच्यांनाही तेवढं सांगाल का? मला मेलं जमत नाही." ताईनं सांगितलं. मग दुसऱ्यांचं सांगितलं, मग तिसऱ्यांचं. एका मुंगीला वाट सापडली की मागच्या साऱ्या जणी डोळे मिटून येतात, तसं झालं. सर मंडळी मागच्या दारानं चहाला, आणि ताई पुढच्या दारानं बाकांकडे.

तिचा धाकटा भाऊही तिथेच सर्जन होता. घरात त्याला गुंड्या म्हणत. आईनं शिवणयंत्रावर पाय मारून दोघांना वाढवलं. आईनं कापड शिवलं, पोरांनी माणसं शिवली. हुद्दा एक, पगार एक, सुट्टीची वानवाही एकच. पण इस्पितळात पाऊल ठेवलं त्या दिवशी गुंड्या 'सर' झाला आणि ती 'ताई' झाली. सरांना लोक नमस्कार करतात. ताईला लोक सगळं सांगतात.

दमले दोघेही होते, पण दोघांचं दमणं एका जातीचं नव्हतं. गुंड्या सुकत चालला होता. त्याला पेशंटचे चेहरे आठवेनासे झाले होते. वॉर्डात विचारायचा, "ते खिडकीजवळचं गॉलब्लॅडर जेवलं का?" जरा काही चुकलं की अंगावर धावून जायचा, आणि विनोद केला तरी त्याला काटे असायचे. लोक म्हणायचे, सर कडक आहेत. ताई भिजत चालली होती. दोरीवर विसरलेलं धुणं पावसात सापडावं, पिळायला कुणी नाही, वाळायला ऊन नाही, तशी. सगळ्यांच्या पेशंटांच्या बायका, मुलं, आया तिच्या खांद्यावर रडून मोकळ्या होत आणि ती ते ओझं घेऊन घरी येई. लोक म्हणायचे, ताई हळव्या आहेत. तो चिडला तर कामाचा ताण, ती गप्प बसली तर "घरी काही झालंय का?"

घरी आईचं काय वेगळं? दोघं एकाच वेळी जिना चढून आली तर आई लेकाला म्हणायची, "किती सुकलास रे! बैस आधी, पाणी पी." आणि लेकीला म्हणायची, "आलीस? बरं झालं. गॅसवरचं दूध बघ."

ताईला एक जाणवत होतं. हातातली सुई चालायची, पण तिचा आनंद उरला नव्हता. टाका घालताना मन दाराबाहेर गेलेलं असायचं: आता कुणाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं. शेवटी एके दिवशी तिनं मोठ्या सरांच्या, म्हणजे इस्पितळाच्या प्रमुखांच्या, खोलीत जाऊन सांगून टाकलं.

"सर, या महिन्याअखेर मी थांबते. कॉलेजात शिकवायची जागा आहे, तिथे जाईन. ऑपरेशन पुरे झाली."

मोठे सर चष्मा काढून बघत राहिले. "घरी काही झालंय का?"

"घरी दूध उतू गेलंय," ताई म्हणाली. "बाकी काही नाही."

"हे बघा, महिनाअखेरपर्यंत विचार करा. तोवर मी कुणाशी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

ताईनं ते जरा जास्तच मनावर घेतलं म्हणायचं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरशातून घसा पाहिला. "जंतूबिंतू काही नाही. बोलून बोलून घसा सोलून काढलाय. आठवडाभर अवाक्षर नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. हात चालवा हवे तेवढे. तोंड बंद."

आता सर्जनला तोंडाची गरज किती? लोकांना वाटतं तेवढी नाही. थिएटरात हातांची एक जुनी बोली असते. दोन बोटं उघडून मिटली की कात्री. पेन धरल्यासारखी बोटं केली की सुरी. मनगट वळवलं की सुई. मोठ्या सिस्टर, म्हणजे थिएटरच्या मुख्य परिचारिका, त्या बोलीत इतक्या मुरलेल्या की ताईचा हात हलायच्या आत वस्तू हातात. त्या म्हणाल्या, "मुक्यानं ऑपरेशन करणारा सर्जन देवाकडे मागत होते मी. देवानं ऐकलं, पण माणूस चुकलं. आरडाओरडा दुसरेच करतात."

भूल देणाऱ्यांशी जे बोलावं लागेल ते मदतनीस डॉक्टरनं बोलायचं ठरलं. सगळं मार्गी लागलं. आणि मग सकाळच्या चहाला हाडांच्या सरांच्या लक्षात आलं.

"अहो, पण बाहेर कोण सांगणार?"

 एक सर छत बघू लागले, दुसऱ्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. गुंड्या म्हणाला, "सिस्टर सांगतील."

"माझ्याकडे बघू नका," मोठ्या सिस्टर कडाडल्या. "मी आत कापसाचे बोळे मोजते. एखादा पोटात राहिला तर तो कोण सांगणार?"

मोठे सर दारात उभे होते. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "ज्यानं कापलं त्यानं सांगायचं. यात अवघड काय आहे?"

अवघड काय आहे ते गुंड्याला दुपारच्या आत कळलं. त्यानं एका म्हाताऱ्या माळीबुवांचं पित्ताशय काढलं, हातमोजे फेकले, पुढचं दार ढकललं, आणि सवयीनं ओरडला, "गॉलब्लॅडरचे कोण?"

कुणीच उठेना.

"गॉलब्लॅडर! गॉलब्लॅडरचे कोण आहे का नाही?"

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "त्या नावाचं इथं कुणी दिसत नाही, बाबा. आम्ही तर माळीबुवांचे."

गुंड्या थबकला. "माळीबुवा... हां. तेच. ते... म्हणजे, काढलंय. बाहेर काढलंय."

"कुणी? का बाहेर काढलं? काय बोलले का ते? त्यांचं तोंडच वाईट हो, पण मन चांगलं आहे!"

हे सगळं ताई दाराच्या काचेतून बघत होती. तोंडावर हात दाबून ती अशी हसत होती की मोठ्या सिस्टरांनी दटावलं, "हसूसुद्धा नका, घसा हलतो." बाहेर गुंड्या घामाघूम झाला होता. मग तो एकाएकी, काही न सुचून, म्हातारीच्या शेजारी बाकावर बसला. आणि बसल्यावर, कोण जाणे कशी, जीभ सुटली. "आजी, बुवा बरे आहेत. खडे होते, पिशवीसकट काढले. अर्ध्या तासात डोळे उघडतील. शिव्या देतील, म्हणजे समजा नीट आहेत."

 म्हातारीनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, धान्य पारखावं तसे. "या हातांनी केलं का?" ती म्हणाली. "जपून ठेव हो, पोरा."

गुंड्या आत आला तो वेगळ्याच चालीनं. ताईसमोर उभा राहिला. "ताई, तिनं माझे हात बघितले." आणि पुन्हा, स्वतःशीच, "नुसते हात बघितले गं."

त्या संध्याकाळी वॉर्डात तो खिडकीजवळ थांबला आणि त्यानं विचारलं, "बुवा जेवले का?" माळीबुवा शिव्या देत होते, म्हणजे नीट होते. गुंड्या कितीतरी वेळ खाटेच्या कडेला बसून गुलाबाचं कलम कसं बांधतात ते ऐकत राहिला.

हाडांच्या सरांची गत निराळी. ते बाहेर गेले ते स्क्रूवर व्याख्यान देऊन आले. कोणता स्क्रू, किती लांबीचा, कोणत्या धातूचा. घरच्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण चालतील ना?" सर म्हणाले, "अरे हो, ते राहिलंच." परत आले तेव्हा कपाळ पुसत होते. "ऑपरेशन परवडलं! ताई, तुम्ही आमचं सगळ्यांचं हे रोज करत होता?"

ताईनं मान हलवली. नुसती हो म्हणून. तक्रारीची मान वेगळी हलते.

घरी तर आणखीच नवल. ताई जिना चढून आली की आई विचारायची, "बरी आहेस ना?" आणि ताई इतकी वर्षं म्हणायची, "बरी आहे." प्रश्न तिथं संपायचा. आता उत्तर येईना, म्हणून आईला वर बघावं लागलं. तिनं लेकीचा चेहरा पाहिला, डोळ्यांखालचं काळं पाहिलं, खांदे कसे पडलेत ते पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अगं बाई," आई म्हणाली. "तू बरी आहे म्हणायचीस आणि मी ऐकून घ्यायची. डोळे काय मी शिवणाला ठेवले होते का? बैस आधी. गुंड्या! ऊठ, दूध बघ!"

"मी?" गुंड्या म्हणाला.

"दुसरा कोण गुंड्या आहे इथं? पोटं फाडतोस, गॅस बंद करता येत नाही?"

ताई बसली. पाण्याचा पेला हातात घेतला. पाय लांब केले. आतून हसू उसळत होतं आणि आवाज नसल्यामुळे ते सगळं डोळ्यांत येत होतं.

थिएटरात तिला एक गोष्ट परत सापडत होती. बाहेर दुसऱ्यांचं काही सांगायचं नव्हतं, स्वतःच्या पेशंटचं ती लिहून द्यायची आणि मदतनीस डॉक्टर सांगायचा, म्हणून मन आतच राहायचं. दिव्याचा गोल, हिरवं कापड, बोटांखाली धडधडणारं ऊबदार शरीर. तिला पुन्हा सुई दिसू लागली. सर्जनची सुई सरळ नसते, वाकडी असते. ती एका बाजूनं जाते आणि स्वतःच वळून भेटायला येते. टाका बसला की कसं हलकं वाटतं, पाळण्यातलं मूल झोपल्यावर वाटतं तसं, हे ती विसरूनच गेली होती.

एका सकाळी टेबलावर एक बस चालवणारा गृहस्थ होता. महिनोन्‌महिने उजवा खांदा दुखतो म्हणून त्यानं तेलं चोळली, शेक घेतले, स्टिअरिंगला दोष दिला, शेवटी नोकरीच सोडायला निघाला होता. दुखणं खांद्याचं नव्हतंच. पित्ताशय बिघडलं की कधीकधी पोट गप्प राहतं आणि खांदा ओरडतो. आतल्या नसांचं नातंच तसं. ताईनं सुजलेलं पित्ताशय अलगद सोडवलं, बाहेर काढलं, आणि तिचा हात हवेत थांबला.

मोठ्या सिस्टरांनी कात्री पुढे केली. ताईनं घेतली नाही.

ती स्वतःशीच म्हणत होती: अगं वेडे, तू कुठे कापायला निघालीस? दुखतंय एकीकडे, आणि काढून टाकायला निघालीस दुसरंच. खांदा दुखतो म्हणून हात तोडायचा? तुला ऑपरेशनचा कंटाळा आलाच नव्हता. ऑपरेशन तर तुझा धडधाकट हात आहे. इतक्या जणांची निदानं केली आणि स्वतःच्या वेळी इतकी ढोबळ चूक!

"ताई? काही गडबड?" भूल देणाऱ्यांनी विचारलं.

ताईनं नाही म्हणून मान हलवली. दोन बोटं उघडली, मिटली. कात्री हातात आली.

पण जाणणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. आवाज परत आला की काय? पुन्हा तेच दार, तीच बाकं, सगळ्यांचं सगळं. तिचं उत्तर अर्धंच झालं होतं.

उरलेलं अर्धं गुंड्याच्या हातात होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं एका शिंप्याचं पोट उघडलं. आतलं दुखणं इतकं पसरलं होतं की काही न करता टाके घालावे लागले. तो ताईकडे आला. तोंड उतरलेलं.

"ताई, तू चल. बोलू नको. नुसती उभी राहा."

ताईला कळत होतं, आपण गेलो की हा दोन पावलं मागे सरकणार, आणि बाहेरची बाई रडायला आपलाच खांदा धरणार. तिनं धाकट्याच्या गालावर हात ठेवला, आणि नाही म्हणून मान हलवली. मग दार उघडून धरलं, त्याच्यासाठी.

काचेतून तिला सगळं दिसत होतं. गुंड्या बाकावर बसला. शिंप्याच्या बायकोला त्यानं हळूहळू सांगितलं, खरं ते सांगितलं. ती बाई आधी दगड झाली, मग वाकली, आणि तिनं त्याचा हात धरला. गुंड्यानं हात सोडवला नाही. पुष्कळ वेळानं तो आत आला, हात धुवायच्या नळापाशी उभा राहिला, नळ न उघडता. आणि मग ताईचा कडक भाऊ, ज्याला चेहरे आठवत नव्हते, लहानपणी पतंग कटल्यावर रडायचा तसा रडला.

"मला वाटायचं मी दगड झालोय," तो म्हणाला. "झालो नव्हतो गं. बाहेरच गेलो नव्हतो. तिकडचं रडणंही तूच घेतलंस, नि आशीर्वादही तूच घेतलेस. आम्ही कोरडे राहिलो आणि तू बुडालीस."

शेजारच्या खोलीत मोठे सर चहा पीत होते. त्यांना राहवलं नाही. "बुडाल्या म्हणूनच चालल्यात त्या," ते म्हणाले, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"चालल्यात? कुठे?" गुंड्या गर्रकन वळला.

मग सगळं बाहेर आलं. चहाच्या खोलीत एकच कल्ला. एक म्हणाला, वय झालं की होतं असं. दुसरा म्हणाला, बायकांना घर आणि हे, दोन्ही झेपत नाही शेवटी. ताई तिथंच बसली होती, आणि तिच्याविषयीच सगळं चाललं होतं. घोड्याच्या पुढ्यात त्याचा बाजार भरावा तसं.

"झेपत नाही?" गुंड्या उसळला. "आपण एकेकानं एकेक ओझं उचललं. तिनं आपलं उचललं, वर आपल्या प्रत्येकाचं निम्मं उचललं, आणि एवढी वर्षं चढ चढली. आणि आता म्हणायचं तिला झेपत नाही? तिचं ओझं उचलून बघा चार दिवस! हाडांचे सर, तुम्ही सांगा, परवा कुणाला घाम फुटला होता?"

"मला," हाडांचे सर खाली मान घालून म्हणाले. "तेही नुसत्या गुडघ्यापायी."

 त्या दिवशी घरी जाताना ताईची चाल हलकी होती.

आठवडा सरत आला. सकाळची वेळ, एक साधा हर्निया, काम शेवटाला आलेलं. ताई वरचे टाके घालत होती, आणि तिचं मन इतकं त्या सुईत होतं की आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळलं नाही. मास्कच्या आतून कुणीतरी गुणगुणत होतं.

*सुई गं बाई माझी, वाकडी चंद्रकोर*
*उसवल्या देहाला लावते नवा दोर*
*टाक्यामागे टाका, घालते हळू हळू*
*जागा हो माझ्या राजा, नको मागे वळू*

मोठ्या सिस्टरांचा मोजता हात थांबला. भूल देणारे आपल्या यंत्राआडून उठून उभे राहिले. सगळं थिएटर कान होऊन ऐकत होतं.

"आवाज आला!" सिस्टर ओरडल्या. "अहो, ताईंचा आवाज आला! आणि आला तो गातच आला!"

ताई दचकली. मग हसली, मोठ्यानं हसली, कितीतरी दिवसांनी आवाजासकट. बातमी काय, वाऱ्यावर. पलीकडच्या थिएटरातून हाडांच्या सरांनी दारात डोकं घातलं. चेहरा कसा फुललेला.

"ताई! सुटलो बुवा! बाहेर माझ्या मनगटवाल्या पोरीचे आईवडील बसलेत, जाता जाता तेवढं—"

"नाही," ताई म्हणाली.

आठवडाभर विश्रांती घेतलेला तो आवाज छान खणखणीत लागला. 

"तुमची पोरगी, तुमचे आईवडील. जा. स्क्रूची लांबी सांगू नका, आणि ती चालेल—"

"मनगट आहे हो."

"मग लिहील की नाही ते आधी सांगा."

सर गेले. कुरकुरत का होईना, पुढच्या दारानं गेले. ताईनं शेवटची गाठ मारली, मोजे काढले, आणि स्वतःच्या पेशंटच्या घरच्यांकडे गेली. सगळी खोली उठून उभी राहिली. तिनं फक्त आपल्या माणसांपाशी जाऊन, बसून, निवांत सांगितलं. पलीकडच्या बाकावर गुंड्या कुणाला तरी समजावत होता आणि ती माणसं चक्क हसत होती.

मोठ्या सरांनी तिला वाटेतच गाठलं. "महिना संपत आला. कॉलेजला काय कळवू?"

"ताई मोकळी नाही म्हणून कळवा."

"आणि अटी?"

"अट एकच. ज्यानं कापलं त्यानं सांगायचं. माझा आवाज असो वा नसो."

"हे काय सांगणं झालं? आता ती पोरं बाहेर जायची थांबणार आहेत का? गुंड्या तर आज ऑपरेशनच्या आधीच जाऊन बसला होता, ओळख करून घेतो म्हणे."

"त्याला घरी गुंड्या म्हणतात, सर. इथं नाही."

"माफ करा," मोठे सर म्हणाले, आणि कधी नव्हे ते लाजले.

पुढची केस टेबलावर आली होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. पोटात गाठ, साधीच. पण भीती कधी साधी असते का? ताई हात धुऊन, कोपरानं दार ढकलून आत आली. बाईंनी मान वळवली.

"डॉक्टर, तुम्हीच करणार ना?"

"मीच. आणि झाल्यावर बाहेर तुमच्या यजमानांना सांगायलाही मीच जाणार."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग एक काम करा. त्यांना जरा घाबरवूनच सांगा. महिनाभर घरात मला काडीही उचलू द्यायची नाही, असं सांगा."

"दोन महिने सांगते," ताई म्हणाली. थिएटरभर हशा पिकला, आणि त्या हशातच, ओठांवर हसू तसंच ठेवून, बाई भुलेच्या गाढ झोपेत उतरल्या. ताईनं पेन धरल्यासारखी बोटं पुढे केली.